गोदाआक्कांच्या घरून रिकामं भांडं जात नाही

आमच्या गल्लीतल्या गोदाआक्कांनी एकदा गॅसचा रिकामा सिलिंडर परत देताना त्याच्या कडीला मक्याची कणसं बांधून दिली. गाडीवाला बुचकळ्यात पडला. म्हणाला, "आज्जी, ही कणसं कुणाची?"

आक्का म्हणाल्या, "सिलिंडरची."

दुसऱ्याचं भांडं आपल्या उंबऱ्यातून रिकामं बाहेर जाता कामा नये, हा आक्कांचा नियम. तसा तो आमच्या सांगली-साताऱ्याकडे सगळेच पाळतात. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं की वाटी परत जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर घालायची. पण बाकीची माणसं हा नियम वाटीपुरता पाळतात. आक्का तो राज्यघटनेसारखा पाळतात. कुरिअरचा खोका आला की तो जपून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला लिंबं भरून कुरिअरवाल्याच्या हवाली करायचा. निवडणुकीत एका उमेदवारानं पिशवीतून साडी पाठवली, तर आक्कांनी त्याच पिशवीतून त्याच्या बायकोला साडी पाठवली, आणि ती त्याच्या साडीपेक्षा बरी होती. उमेदवार घाबरून गेला. या साडीचा अर्थ काय, हे विचारायला तो स्वतः आला. त्याला चहा मिळाला, अर्थ मिळाला नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीसाठी आक्कांना एक छोटी बाटली दिली होती. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही मनासारखी भरून परत गेलेली ती एकमेव वस्तू. बाकी सगळीकडे देणाऱ्याची पंचाईतच झालेली आहे.

आक्का सत्तरीच्या पुढच्या. अंगानं काटक, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. नवरा लष्करात सुभेदार होता, तो वारला. मुलगाही लष्करात, त्याचं बिऱ्हाड कधी पठाणकोटला, कधी जोरहाटला. घरात आक्का एकट्या. मी सुभेदार गेल्यानंतर काही वर्षांनी या गल्लीत राहायला आलो. सामान उतरवताना त्यांची शिडी मागून आणली होती. संध्याकाळी परत नेऊन ठेवली आणि सभ्यपणानं म्हणालो, "आक्का, ही तुमची शिडी. आता आपलं मिटलं."

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला शिडीवरून पडल्यासारखं वाटलं. "मिटवायला काय झालंय रं? भांडाण हाय का आपलं?"

तेव्हापासून मी त्यांच्यापुढे 'मिटलं' हा शब्द काढत नाही. शिडी दारात ठेवतो, वर दोन पेरू ठेवतो आणि निघतो.

तर अशा या आक्कांची गाठ एका परदेशी संस्थेशी पडली, त्याची ही गोष्ट. आणि कोण जिंकलं हे मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निवांत वाचाल. आक्का जिंकल्या.

आमचं गाव आष्ट्याहून शिराळ्याकडे जाताना लागतं. ते धड शहर नाही, धड खेडं नाही, म्हणून त्याला नगरपरिषद दिलेली आहे. मी तिथे पाणीपुरवठा विभागात अधीक्षक आहे. सात समुद्रांपलीकडच्या एका थंड देशातल्या संस्थेनं आमच्या पाणी योजनेला मदत द्यायचं ठरवलं. नवी टाकी, नवे पंप, नवे पाइप. पण मदतीच्या मागोमाग एक शब्द आला : सुधारणा. हा शब्द ऐकला की आमच्या कचेरीतले पंखेसुद्धा हळू फिरायला लागतात.

सुधारणा अशा, की घरोघरी मीटर बसवायचे, बिलाची वसुली ठेकेदाराकडे द्यायची आणि चौकाचौकांतले सार्वजनिक नळ बंद करायचे. मीटर लागले की फुकटचं पाणी कशाला, असा त्यांचा हिशेब.

गावात राजकारण पेटलं. सत्ताधारी म्हणाले, आता परदेशातल्यासारखं पाणी येणार. विरोधक म्हणाले, आता पाणीच परदेशात जाणार. वारणा मात्र जिथून वाहत होती तिथूनच वाहत राहिली. आमचे मुख्याधिकारी तरुण आणि काळजीखोर गृहस्थ. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून बजावलं, "परदेशी मदत नाजूक असते, शामराव. पाहुण्यांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही."

मी म्हणालो, "साहेब, आमच्या गल्लीत हे जरा अवघड आहे."

अवघड अशासाठी, की आमच्या गल्लीच्या चौकातला सार्वजनिक नळ नेमका आक्कांच्या दारासमोर. खरं तर आक्कांच्या घरात नळ आहेत. न्हाणीत, स्वयंपाकघरात, परसात. त्यांचा नवा मीटर मी स्वतः उभा राहून बसवून घेतला. तरीही रोज सकाळी आक्का एक कळशी घेऊन चौकातल्या नळावर हजर. ती एक कळशी भरायला त्यांना सकाळभर लागते. नंबर आला की मागच्या बाईला म्हणणार, "तू भर आदी, तुला घाई हाय." मग तिच्या मागचीला, मग तिच्याही मागचीला. आम्हाला वाटायचं, जुनी खोड आहे.

टाकीचं काम सुरू होण्याआधी संस्थेला गावातल्या पाण्याचे नमुने हवे होते. त्यांनी झाकणाच्या स्वच्छ बाटल्या पाठवल्या, प्रत्येकीवर क्रमांक. घराघरांत द्यायच्या, लोकांनी नळाचं पाणी भरून परत द्यायच्या. आमच्या गल्लीत मीच वाटल्या.

आक्कांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. "कुणाची म्हणायची ही?"

"परदेशी पाहुण्यांची. यात नळाचं पाणी भरून द्यायचं."

"पाव्हण्याच्या भांड्यात नुसतं पाणी?"

"आक्का, त्यांना पाणीच पाहिजे."

"त्यास्नी पायजे आसंल. आपल्याला द्यायला लाज न्हाई का?"

मी हसलो. आणि त्या हसण्यावरच विषय सोडून मुलीच्या सासरी औंधला गेलो, कारण यमाईची यात्रा होती. ही यात्रा कुठल्या मोसमात येते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. शिवारात ऊसतोड, जिकडं तिकडं गुऱ्हाळं आणि घरोघरी ताजी काकवी.

आक्का गल्लीतल्या दारोदार फिरल्या. "पाव्हणं लांबचं हायती. गल्लीची आबरू हाय." मी यात्रेहून परत येईपर्यंत बाटल्या खोक्यांत बंद होऊन प्रयोगशाळेकडे रवाना झाल्या होत्या.

पुढे अहवाल आला. मुख्याधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा अहवालाहून पांढरा होता.

"शामराव, तुमच्या गल्लीच्या पाण्याचा रंग तांबूस आहे."

"असं कसं, साहेब?"

"घनता एवढी आहे की तिथलं एक यंत्र चिकटून बंद पडलं. साखरेचं प्रमाण मोजमापाच्या बाहेर. एका घराच्या पाण्यात शुद्ध तूप आढळलंय. जंतूंबद्दल लिहिलंय की या पाण्यात जंतू जगूच शकत नाहीत."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण तो मी चेहऱ्यावर पडू दिला नाही. तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेतल्या माणसाला काकवी ओळखता आली नाही का? आली असणार. पण त्याचं काम ओळखण्याचं नव्हतं, मोजण्याचं होतं. त्याच्याकडच्या रकान्यांत काकवी नव्हती. त्यानं मोजलं, सही केली आणि अहवाल वर पाठवला. ज्यांच्या हातात तो पडला त्यांनी त्याला जोडपत्र लावून आणखी वर पाठवला. असा चढत चढत तो सात समुद्र ओलांडून गेला आणि तिकडून हुकूम आला : गावातला पाण्याचा स्रोत गंभीररीत्या दूषित, मदत स्थगित.

मग जी मजा झाली ती विचारू नका. विरोधक म्हणाले, साखर कारखान्याची मळी पाण्यात सोडली जातेय. सत्ताधारी म्हणाले, मदत थांबवायचा विरोधकांचा कट आहे. गल्लीतल्या मधुमेहवाल्यांनी नळाचं पाणी सोडलं. एका वाहिनीच्या वार्ताहरानं कॅमेऱ्यासमोर चौकातल्या नळाचं पाणी ओंजळीनं पिऊन दाखवलं आणि तो गंभीर आवाजात म्हणाला, "चव सामान्य वाटते. प्रशासन मात्र मौन आहे."

मी आक्कांना जाऊन विचारलं, "आक्का, बाटल्यांत काय भरलंत?"

"काकवी. का? आवडली न्हाई व्हय त्यास्नी?"

मी मुख्याधिकाऱ्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे मी वर कुठल्या भाषेत कळवू, शामराव?"

ते कळवण्याची गरजच पडली नाही. संस्थेच्या प्रमुख बाई स्वतः पाहणीला येणार असा निरोप आला. हेलन त्यांचं नाव. येऊन जे काय ठरवतील ते अखेरचं. मुख्याधिकाऱ्यांनी रातोरात विचार केला की बाई येण्याआधी निदान आणखी एखादी सुधारणा करून दाखवावी, आणि आमच्याच गल्लीतला नळ तोडून दाखवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्लंबर आणि करवत घेऊन चौकात हजर झाले.

नळावर बायकांची रांग होती. आक्कांनी काही वाद घातला नाही. त्यांनी आपली कळशी नळाखाली ठेवली, नळ अगदी बारीक सोडला आणि शेजारच्या दगडावर बसल्या. "भरू द्या की सायब. कळशी भरली की तोडा."

नळाला करंगळीएवढीही धार नव्हती. प्लंबरनं करवत मांडीवर ठेवली आणि तंबाखू मळायला घेतली. तेवढ्यात गाडी आली. बाई ठरल्या वेळेआधीच पोचल्या होत्या. थंड देशातली माणसं वेळेच्या बाबतीत फार अविश्वासू असतात.

हेलनबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात चिखलाचे बूट. बरोबर दुभाष्या म्हणून पुण्याचा एक सल्लागार. बाईंच्या हातात एक रिकामी बाटली होती. क्रमांक वाचून त्यांनी विचारलं, "ही बाटली कुणाची?"

"तुमचीच की," आक्का म्हणाल्या. "आमी भरून दिली."

"कशानं?"

"काकवीनं. घरची हाय, बाजारातली न्हवं."

सल्लागाराला काकवीचं इंग्रजी सापडेना. त्यानं बरेच हातवारे करून ऊस दाखवला, चरक दाखवला, कढई ढवळून दाखवली. बाईंना वाटलं, याला चक्कर येतेय.

शेवटी आक्काच घरात गेल्या आणि वाटीतून काकवी घेऊन आल्या. बाईंनी बोट बुडवून चाखली. पुन्हा बुडवलं. मग त्या म्हणाल्या, "पण आम्ही पाणी मागितलं होतं."

"पाणी देवानं दिलंय. त्यात आमचं काय? पाव्हण्याचं भांडं रिकामं जात न्हाई, बाई, आमच्यात."

सल्लागारानं हे सांगितलं आणि हेलनबाई हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. रांगेतल्या बायकाही हसायला लागल्या. मुख्याधिकारीही हसले असते, पण वरून आदेश नव्हता.

हसू ओसरलं तशी बाईंनी कामाची वही उघडली. त्यांच्याजवळ घरांची यादी होती. "पण या आजींच्या घरात तर नळ आहे, मीटरही आहे. मग या इथे का?"

आक्का म्हणाल्या, "घरातला नळ बोलत न्हाई."

मागून एक सूनबाई म्हणाली, "आन आक्का ह्या नळाला गप बसू देत न्हाईत."

बाई म्हणाल्या, "आमचा अनुभव आहे की फुकट मिळालेलं पाणी लोक वाया घालवतात."

"फुकट कुठं बाई? हितं यायला लागतं, नंबर लावायला लागतो, हिच्या सासूचा गुडघा इचारायला लागतो, तिच्या पोराचं लगीन जमलं का बघायला लागतं. लय महाग पाणी हाय हे."

सल्लागारानं या तीन वाक्यांचं इतकं लांब इंग्रजी केलं की मधे त्याला श्वास घ्यावा लागला. मला त्यात 'सामाजिक भांडवल' असं काहीतरी ऐकू आलं. आक्का माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "ह्यो मी न बोललेलंबी सांगतोय का रं?"

मुख्याधिकारी घाईनं पुढे झाले. "मॅडम, काळजी नको. आम्ही हा नळ आजच तोडतोय."

आक्का दगडावरून उठल्या. आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांत त्यांना मी एवढ्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"तोडा सायब. पर एक सांगा. तुमी हितला नळ घिऊन चाललाय, तर त्या जागंवर काय ठिऊन चाललाय? जागाबी भांडंच असती. ती रिकामी करून जाऊ नका. काय भरून देताय ते आदी सांगा, मग करवत लावा."

बारीक धार कळशीत पडत होती, तेवढाच आवाज. हेलनबाईंनी सल्लागाराकडून ते वाक्य एकदा ऐकलं. मग म्हणाल्या, "पुन्हा सांग. तुझं काही घालू नकोस."

त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी इंग्रजी छोटं होतं.

बाईंनी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं, "काय ठेवणार आहात तुम्ही?"

मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लंबरकडे पाहिलं. प्लंबरनं करवत पिशवीत घातली. आमच्या नगरपरिषदेत इतका झटपट निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या सकाळनंतर सगळं सरळ होत गेलं. नमुने पुन्हा घेतले. या वेळी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः नळाशी उभा राहिला आणि त्यानं स्वतःच्या हातानं बाटल्या भरल्या. आक्कांनी त्याला नियमाप्रमाणे वेगळी बाटली दिली आणि दोन्ही एकत्र करू नको म्हणून बजावलं. पाणी चांगलं निघालं. मदतीची स्थगिती उठली. सार्वजनिक नळ बंद करायची अट बाईंनी काढून टाकली. त्याऐवजी चौकाच्या नळालाही मीटर लावायचा आणि बिल गल्लीनं मिळून भरायचं ठरलं. आमच्या गल्लीनं ते आनंदानं कबूल केलं. एवढ्या महाग पाण्याला एवढं बिल काहीच नव्हतं.

संस्थेच्या कागदपत्रांत आमच्या नळाचं नाव 'लोकसहभाग केंद्र' असं पडलं. दुसऱ्या गावांतले अधिकारी ते केंद्र बघायला येऊ लागले. त्यांना मी अदबीनं नळ दाखवतो. ते नळाच्या मागे जाऊन केंद्र शोधतात. मुख्याधिकाऱ्यांचा मुंबईत सत्कार झाला. नव्या टाकीचं पाणी पहिल्यांदा आलं त्या दिवशी चौकात हलगी वाजली, गुलाल उडाला, सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही एकाच नळाचं श्रेय घेतलं आणि नारळ मात्र आक्कांनी फोडला. माझ्या नोकरीत मी पुष्कळ उद्घाटनं पाहिली. उद्घाटनाच्या दिवशी खरंच पाणी आलेलं हे पहिलंच.

शेवटी प्रकल्पाचा समारोप झाला. हेलनबाई आल्या होत्या. आक्कांनी त्यांच्या हातात स्वतःचा कडीचा स्टीलचा डबा ठेवला : शेंगदाण्याची चटणी, धपाटी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत काकवी. मग भाषणं झाली. एक मोठे अधिकारी म्हणाले, "प्रकल्प पूर्ण झाल्यामुळे संस्थेचा आणि या गावाचा व्यवहार आज संपुष्टात येत आहे." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून आक्का उठल्या आणि चालत्या झाल्या.

मी मागोमाग गेलो. त्या नळाजवळच्या दगडावर बसल्या होत्या.

"आक्का, सगळं मनासारखं झालं. आता काय झालं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सुभेदार गेलं, शामा, तवा लय माणसं आली. आख्खं गाव आलं म्हण की. कोण पिठलं-भाकरी घिऊन, कोण भात घिऊन. घरात पाय ठिवायला जागा न्हवती. सुतकात भांडं भरून देत न्हाईत. मी सगळं डबं घासलं, पुसलं आन रिकामं परत धाडलं. सुतक फिटलं. दारात बसून ऱ्हायले. कोण आलंच न्हाई." मग म्हणाल्या, "त्यांचं तरी काय चुकलं? ज्याचं त्याला भांडं मिळालं. मिटलं."

मला कणसं बांधलेला सिलिंडर आठवला. लिंबांचा खोका आठवला. रांगेत मागच्या बाईला पुढे सोडणाऱ्या आक्का आठवल्या.

उगीच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "हेलनबाईंकडे तुमचा डबा राहिला."

"ऱ्हाऊ दे. आला तर आला."

पण पुढे कुरिअरवाला गल्लीत शिरला की आक्का दारात येऊन उभ्या राहायच्या. लिंबं त्याच्या हातात देता देता त्याच्या पिशवीत डोकावायच्या. पावसाळा गेला. दसरा-दिवाळी गेली. मला त्या डब्याचा विषय काढायचा धीर होत नव्हता.

गुऱ्हाळं पुन्हा लागली त्या सुमाराला एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो, तर नळावरची सगळी रांग आक्कांच्या उंबऱ्याशी जमलेली. मधे आक्का. मांडीवर एक खोका, परदेशी तिकिटांचा. खोक्यात कागदाच्या कपट्यांत गुंडाळलेला त्यांचाच स्टीलचा डबा होता.

"उघडा की आक्का," बायका म्हणत होत्या.

आक्कांनी तो उघडला नाही. दोन्ही हातांनी उचलून त्याचं वजन पाहिलं. मग कानाशी नेऊन हळूच हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"भरल्याला हाय," त्या म्हणाल्या.

डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग मला गर्दीत पाहिल्यावर त्यांचा वस्तादाचा आवाज परत आला.

"शामा, तिकडं लय थंडी असती न्हवं? काकवी गोठंल का रं वाटंत?"